१७५ : अकोटच्या आमदाराच्या मताची कुळकथा

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत अकोट विधानसभा मतदारसंघाच्या आमदाराचे एक मत १७५ धरले जाते. महाराष्ट्रातल्या उरलेल्या २८७ आमदारांच्या मताचे मूल्यही तेवढेच; मुंबईच्या आमदाराला त्यात काही जास्त नाही आणि मेळघाटच्या आमदाराला काही कमी नाही. राज्य बदलले की आकडा बदलतो. उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे मत २०८, तामिळनाडूच्या आमदाराचे १७६, गोव्याच्या आमदाराचे २० आणि सिक्कीमच्या आमदाराचे अवघे ७. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ सदस्य बसतात, पण त्यांना या निवडणुकीत मत नाही. नामनियुक्त खासदारांनाही नाही. लोकांनी थेट निवडून दिलेले आमदार आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निर्वाचित सदस्य, एवढ्यांनीच राष्ट्रपती निवडायचा, असे राज्यघटनेचे ५४ वे कलम सांगते. त्यांची मते कशी मोजायची, हे ५५ व्या कलमात आहे.

१७५ हा आकडा येतो तो साध्या भागाकारातून. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निर्वाचित सदस्यांच्या संख्येने भागायचे आणि आलेल्या उत्तराला पुन्हा एक हजाराने भागायचे. बाकी ५०० किंवा अधिक उरली तर एक मिळवायचा, कमी उरली तर सोडून द्यायची. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ ने भागले की एका आमदारामागे सुमारे १,७५,०४२ माणसे येतात. हजाराने भागले की १७५. उरलेली ४२ माणसे हिशेबाबाहेर राहतात. २८८ आमदार आणि प्रत्येकी १७५, म्हणजे राष्ट्रपतीच्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेचे एकंदर वजन ५०,४०० होते. अशा सगळ्या विधानसभांच्या मतांची बेरीज करून तिला संसदेच्या निर्वाचित सदस्यांच्या संख्येने भागले की खासदाराच्या मताचे मूल्य मिळते. २०२२ मध्ये ही बेरीज ५,४३,२३१ आणि खासदार ७७६ होते, त्यावरून ७०० आले. देशातल्या सगळ्या आमदारांचे मिळून जेवढे वजन, जवळजवळ तेवढेच सगळ्या खासदारांचे, असा तोल त्यामागे आहे.

या हिशेबात माणसे मोजली जातात, मतदार मोजले जात नाहीत. पाळण्यातले मूल आणि मतदार यादीत नाव नसलेला मजूर हे दोघेही त्यात एकेक धरले आहेत. अकोटच्या रहिवाशाने राष्ट्रपतीसाठी आजवर कधीही थेट मत दिलेले नाही. त्याची गणती मात्र झालेली आहे. लोकांनी मोजले जायचे आणि मत त्यांच्या विधिमंडळाने द्यायचे, ही रीत भारतात जन्मलेली नाही. तिचे एक जुने कूळ अमेरिकेत सापडते.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये फिलाडेल्फियात लिहिली गेली. राष्ट्राध्यक्षाची निवड निर्वाचकांनी करावी, प्रत्येक राज्याला त्याच्या प्रतिनिधिगृहातील जागा अधिक सिनेटच्या दोन जागा एवढे निर्वाचक मिळावेत, आणि ते कसे नेमायचे हे त्या त्या राज्याच्या विधिमंडळाने ठरवावे, अशी तरतूद तिच्यात झाली. सुरुवातीला कित्येक राज्यांत विधिमंडळेच परस्पर निर्वाचक नेमत. पुढे एकेका राज्याने हा अधिकार मतदारांच्या हाती दिला. १८३२ पर्यंत बाकी सगळी राज्ये त्या वाटेने गेली. मागे राहिले एकटे साऊथ कॅरोलिना. तिथल्या विधिमंडळाने १८६० पर्यंत हा अधिकार सोडला नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या या एका राज्याच्या निवडणुका वाचल्या की या पद्धतीतले धोके उघड दिसतात. १८३२ मध्ये देशभर अँड्र्यू जॅक्सन आणि हेन्री क्ले यांची लढत चालू होती. आयात जकातीच्या प्रश्नावरून साऊथ कॅरोलिनाचे केंद्राशी भांडण जुंपले होते, म्हणून तिथल्या विधिमंडळाने आपली ११ मते या दोघांपैकी कोणालाच दिली नाहीत. ती गेली व्हर्जिनियाचे गव्हर्नर जॉन फ्लॉइड यांना, आणि फ्लॉइड यांना देशात दुसऱ्या कुठूनही एकही निर्वाचक मत मिळाले नाही. १८६० मध्ये हेच विधिमंडळ निर्वाचक नेमण्यासाठी नोव्हेंबरच्या सुरुवातीला जमले. त्याने आपली ८ मते जॉन ब्रेकिनरिज यांच्या पारड्यात जातील अशी व्यवस्था केली. पण काम आटोपले तरी सभागृह उठले नाही. अब्राहम लिंकन निवडून आल्याची बातमी येईपर्यंत ते बसून राहिले आणि मग संघराज्यातून फुटण्याचा विचार करण्यासाठी त्याने परिषद बोलावली. २० डिसेंबर १८६० रोजी साऊथ कॅरोलिना फुटून निघाले. तिथल्या सामान्य मतदाराने राष्ट्राध्यक्षाच्या निवडीत पहिल्यांदा भाग घेतला तो यादवी युद्ध संपल्यावर, १८६८ मध्ये.

लोकसंख्येच्या हिशेबातला अन्यायही याच राज्यात सगळ्यात ठळक होता. १८६० च्या जनगणनेत साऊथ कॅरोलिनाची लोकसंख्या ७,०३,७०८ भरली आणि त्यातले ४,०२,४०६ गुलाम होते. अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेप्रमाणे राज्याचे प्रतिनिधी ठरवताना गुलामांची तीन पंचमांश गणती होई, आणि प्रतिनिधींबरोबर निर्वाचकही वाढत. म्हणजे ज्यांना कसलाच हक्क नव्हता, त्यांच्या डोक्यांवर त्यांच्याच मालकांचे मत जड होत असे. लोकसंख्येवरून मताचे वजन ठरवणाऱ्या कोणत्याही पद्धतीकडे पाहताना हा इतिहास डोळ्यांपुढे असायलाच हवा. मोजल्या गेलेल्या माणसाला निदान विधिमंडळ निवडण्याचा हक्क आहे की नाही, यावर ती पद्धत न्याय्य की अन्याय्य हे ठरते.

विधिमंडळाने निर्वाचक नेमण्याचा आणखी एक प्रसंग १८७६ चा. कोलोरॅडो १ ऑगस्ट १८७६ रोजी संघराज्यात दाखल झाले, आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. नव्या राज्याच्या विधिमंडळाने त्या खेपेपुरते तीन निर्वाचक स्वतःच नेमले, आणि तिन्ही मते रदरफोर्ड हेझ यांना गेली. त्या वर्षीचा अंतिम निकाल होता १८५ विरुद्ध १८४. कोलोरॅडोची तीन मते नसती तर हेझ राष्ट्राध्यक्ष झाले नसते.

अमेरिकेत १८६० आणि १८७६ चे हे प्रसंग घडत होते, तेव्हा अकोट निजामाच्या नावाच्या पण इंग्रजांच्या ताब्यातल्या वऱ्हाडात होते. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिला होता. १९०२ मध्ये सालीना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. तरीही कायद्याच्या भाषेत तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. या एका गोष्टीमुळे वऱ्हाडी मतदाराच्या वाट्याला अशी स्थिती आली, की जिला हिंदुस्थानात क्वचितच जोड सापडेल. मध्य प्रांताच्या कायदे कौन्सिलसाठी वऱ्हाडात मतदान होई, मते मोजली जात, निवडून आलेल्याचे नावही ठरे. पण परक्या राज्याच्या मुलखातली निवड म्हणून ती कायद्याने पुरी धरता येत नसे. मग त्याच माणसाला सरकार नामनियुक्त करी. नागपूरकडचा सभासद निवडलेला आणि वऱ्हाडचा सभासद निवडणुकीच्या निकालावरून नेमलेला, असा भेद कागदोपत्री चालू राहिला. व्यवहारात मतदारांचा कौल पाळला गेला हे खरे. पण मत एकाने द्यायचे आणि अधिकृत निवड दुसऱ्याच्या सहीने व्हायची, याची सवय वऱ्हाडाला राष्ट्रपतिपद निर्माण होण्याच्या कितीतरी आधी झाली होती.

१९३५ च्या कायद्यानंतर आणि १९३६ मध्ये निजामाशी झालेल्या करारानंतर प्रांताला ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असे रीतसर नाव मिळाले. १९३७ च्या निवडणुकीनंतर ११२ सदस्यांची विधानसभा नागपुरात बसू लागली आणि काँग्रेसचे डॉ. नारायण भास्कर खरे या प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, झाले. हे नाव पुढे राष्ट्रपतीच्या निवडणुकीतही पुन्हा येते.

१७५ च्या आकड्याचे अगदी जवळचे कूळ मात्र १९४६ मध्ये आहे. १६ मे १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेने संविधान सभा कशी निवडायची ते ठरवले. प्रौढ मतदानाने सभा निवडायला वेळ फार लागेल, म्हणून प्रांतांच्या विधानसभांनीच तिचे सभासद निवडावेत. साधारण दहा लाख लोकसंख्येमागे एक जागा असावी. आणि मतदान एकल संक्रमणीय मताने, म्हणजे पसंतीक्रम लिहून व्हावे. राज्याच्या विधानसभेचे मतदार-मंडळ, लोकसंख्येच्या प्रमाणात वजन आणि पसंतीक्रमाचे मत हे तिन्ही धागे इथे एकत्र आले. पुढे राष्ट्रपतीच्या निवडणुकीत हेच तीन धागे दिसतात. मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या वाट्याला संविधान सभेत १७ जागा आल्या. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी या प्रांताकडून त्या सभेत बसले. राष्ट्रपती कसा निवडायचा हे जिथे ठरले, तिथे वऱ्हाडची माणसे हजर होती, आणि ती स्वतःही याच पद्धतीने तिथे पोचली होती.

संविधान सभेत जुलै १९४७ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी संघराज्याच्या घटनेची तत्त्वे मांडली, तेव्हाच राष्ट्रपतीच्या निवडीसाठी संसद आणि घटक राज्यांच्या कनिष्ठ सभागृहांचे मतदार-मंडळ सुचवले होते. राज्याराज्यांत प्रमाण सारखे राहावे म्हणून मतांना लोकसंख्येनुसार वजन द्यावे, हेही तेव्हाच आले. खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे राहणार असेल, तर साऱ्या देशाच्या मतांवर निवडलेला राष्ट्रपती मंत्रिमंडळाला समांतर असे दुसरे सत्ताकेंद्र होईल, हा नेहरूंच्या म्हणण्याचा गाभा होता. अर्थशास्त्राचे प्राध्यापक के. टी. शहा यांना हे पटले नाही. राष्ट्रपती प्रौढ मतदानानेच निवडावा, ही त्यांची मागणी होती. डिसेंबर १९४८ मध्ये मसुद्यावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला उत्तर दिले. मतदारांची संख्या अफाट आहे, एवढ्या मतदानाला लागणारी यंत्रणा सरकारकडे नाही, आणि राष्ट्रपती हा नामधारी प्रमुख आहे, तेव्हा एवढा खटाटोप कशासाठी, असे त्यांचे मुद्दे होते. यंत्रणेचा मुद्दा काही वर्षांतच मागे पडला. १९५१-५२ मध्ये देशाने प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडून दाखवली. नामधारी प्रमुखाचा मुद्दा आजही टिकून आहे, आणि या पद्धतीचे समर्थन करायचे तर त्याच मुद्द्यावर करावे लागते.

साऊथ कॅरोलिनाच्या रीतीशी या पद्धतीचे नाते दिसते, तसा दुरावाही दिसतो. तिथे विधिमंडळाचे बहुमत ज्या बाजूला, त्या बाजूला राज्याची सगळी मते जात. इथे प्रत्येक आमदाराचे मत वेगळे मोजले जाते आणि विरोधी बाकांवरच्या आमदाराचे वजन सत्ताधाऱ्याइतकेच राहते. तिथे मोजलेल्या माणसांतल्या निम्म्याहून अधिकांना विधिमंडळ निवडण्याचा अधिकारच नव्हता. इथे विधिमंडळातून मत देतो तो फक्त प्रौढ मतदानाने निवडलेला आमदार, आणि परिषदेचे सभासद याच कारणाने बाहेर ठेवले आहेत. घटनाकारांनी परक्या पद्धतीतला दोष काढून टाकून तिचा सांगाडा घेतला, असे म्हणता येते.

पहिली निवडणूक मे १९५२ मध्ये झाली. डॉ. राजेंद्र प्रसादांना ५,०७,४०० मते पडली. त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी होते तेच के. टी. शहा. ज्या पद्धतीला त्यांनी सभागृहात विरोध केला, तिच्याच अखत्यारीत ते उभे राहिले आणि त्यांना ९२,८२७ मते मिळाली. तेव्हा अकोट परिसराचा आमदार नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेत बसत होता. १९५७ च्या निवडणुकीत तो द्विभाषिक मुंबई राज्याच्या ३९६ आमदारांपैकी एक होता. १९६२ मध्ये डॉ. राधाकृष्णन निवडून आले, तेव्हा तो महाराष्ट्राचा आमदार म्हणून मत देऊ शकला. दहा वर्षांत तीन राष्ट्रपती-निवडणुका, आणि तिन्ही वेळा राज्य वेगळे. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती मान्य झाली असती तर हे मतमूल्य विदर्भाच्या लोकसंख्येवरून आणि विदर्भाच्या आमदारसंख्येवरून ठरले असते. वेगळ्या विदर्भाच्या चर्चेत या बाबीचा उल्लेख सहसा होत नाही, पण राज्याची सीमा हलली की हा आकडाही हलतो.

१९५७ च्या निवडणुकीला न्यायालयात आव्हान दिले ते डॉ. ना. भा. खरे यांनी. काही डोंगराळ मतदारसंघांतल्या निवडणुका तेव्हा उरकल्या नव्हत्या. मतदार-मंडळ अपुरे असताना राष्ट्रपती निवडता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज दाद न देता फेटाळला. निवडणूक पुरी होण्याआधी असा वाद ऐकता येणार नाही, असे सांगितले. पण प्रश्न पोकळ नव्हता. १९६१ मध्ये संसदेने अकरावी घटनादुरुस्ती करून स्पष्ट लिहिले, की मतदार-मंडळात जागा रिकामी आहे एवढ्या कारणावरून राष्ट्रपतीच्या निवडीला आव्हान देता येणार नाही. वऱ्हाडाच्या जुन्या पंतप्रधानाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घटनेच्या ७१ व्या कलमात असे कायमचे नोंदले गेले. १९७४ मध्ये गुजरात विधानसभा बरखास्त असताना हाच प्रश्न पुन्हा उठला, तेव्हाही निवडणूक वेळेवर झालीच पाहिजे, असा सल्ला न्यायालयाने दिला.

मराठी माणसाच्या दृष्टीने या इतिहासातले सगळ्यात चटका लावणारे पान १९६९ चे आहे. झाकीर हुसेन यांच्या निधनामुळे मुदतीआधीच निवडणूक आली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, अपक्ष म्हणून व्ही. व्ही. गिरी, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्यावर चिंतामणराव देशमुख. देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडल्यामुळे महाराष्ट्राच्या मनात त्यांना वेगळे स्थान होते. पहिल्या पसंतीच्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. निवडून येण्यासाठी ४,१८,१६९ मते हवी होती. ती कोणालाच नव्हती. मग तळाच्या उमेदवारांना एकेक करून बाद करीत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. देशमुख बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिका गिरी व रेड्डी यांच्यात वाटल्या गेल्या. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. राष्ट्रपतीची निवड दुसऱ्या पसंतीवर ठरल्याचा हा आजवरचा एकमेव प्रसंग आहे. एकल संक्रमणीय मताची तरतूद घटनेत कशासाठी आहे, हे देशाला त्या दिवशी कळले, आणि ते कळले एका मराठी उमेदवाराच्या मतपत्रिकांमुळे.

१७५ हा आकडा अजून जन्माला आला नव्हता. १९७१ च्या जनगणनेचे आकडे लागू झाले, तेव्हा महाराष्ट्र विधानसभेत २७० जागा होत्या. त्यांनी भागले तर १८७ येतात. पुढच्या मतदारसंघ पुनर्रचनेत जागा २८८ झाल्या आणि १९७८ ची विधानसभा त्याप्रमाणे निवडली गेली. आमदार वाढले, लोकसंख्या तीच धरली गेली, म्हणून एका आमदाराचे वजन १२ ने उतरले. १९७७ मध्ये रेड्डी बिनविरोध निवडून आल्यामुळे मोजणीचा प्रसंग आला नाही. त्यामुळे महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५ म्हणून प्रत्यक्ष मोजले गेले ते १९८२ मध्ये, झैल सिंग आणि निवृत्त न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांच्या लढतीत.

एरवी १९८१ च्या जनगणनेनंतर हा आकडा बदलायला हवा होता. तो बदलला नाही, कारण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसंख्या म्हणजे १९७१ ची लोकसंख्या, असे २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत बांधून टाकले. कुटुंबनियोजन नेटाने राबवणाऱ्या राज्यांचे राजकीय वजन घटू नये, हा त्यामागचा हेतू होता. २००१ च्या चौऱ्याऐंशिव्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २०२६ पर्यंत पुढे नेली. जनगणना दर वेळी पुढे गेली, मतमूल्य मात्र १ एप्रिल १९७१ च्या पहाटेवर थांबले. त्या दिवसानंतर जन्मलेला अकोटचा एकही माणूस १७५ मध्ये नाही. अकोटच्या बाजारात आज कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांतले बहुसंख्य लोक या हिशेबाच्या बाहेर आहेत.

या गोठवणुकीने किती फरक पडला ते २०११ च्या जनगणनेवरून काढता येते. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ११,२३,७४,३३३ होती. तिला २८८ ने आणि मग हजाराने भागले तर एका आमदाराचे मूल्य ३९० येते. तामिळनाडूचे त्याच पद्धतीने ३०८ येते आणि उत्तर प्रदेशाचे ४९६. आज तामिळनाडू महाराष्ट्रापेक्षा एका अंकाने पुढे आहे. नव्या हिशेबात तो ८२ ने मागे पडेल. उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यातले अंतर मात्र ३३ वरून १०६ वर जाईल, प्रमाणातही वाढेल. म्हणजे आकडा गोठल्याने महाराष्ट्राचे दक्षिणेच्या तुलनेत नुकसान झाले आणि उत्तरेच्या तुलनेत रक्षण. दोन पिढ्यांपूर्वी केलेला हा समझोता त्या काळात योग्य होता. लोकसंख्या आवरण्याचे राष्ट्रीय काम ज्यांनी केले त्यांना त्याची शिक्षा होता कामा नये. परंतु जिवंत माणसांपैकी बहुतेकांना वगळणारा हिशेब कायमचा चालवता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पुढचा निर्णय घेणाऱ्यांना दोन्ही सांभाळाव्या लागतील.

२००७ मध्ये हे मतमूल्य अकोटच्या शेजारच्या एका नावासाठी मोजले गेले. प्रतिभाताई पाटील मूळच्या जळगाव जिल्ह्यातल्या, सासर अमरावतीचे, आणि १९९१ ते १९९६ या काळात त्या अमरावतीच्या खासदार होत्या. त्याआधी कितीतरी वर्षे त्या महाराष्ट्राच्या आमदार होत्या, म्हणजे ज्या मतदार-मंडळाने त्यांना निवडले, त्याच्या त्या एकेकाळी सभासद होत्या. भाजपच्या आघाडीत असूनही शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला. भैरोसिंह शेखावत यांच्या ३,३१,३०६ विरुद्ध ६,३८,११६ मतांनी त्या निवडून आल्या आणि २५ जुलै २००७ रोजी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. या निवडणुकीत पक्षाला आदेश काढून आमदाराला बांधता येत नाही आणि मतदान गुप्त असते, म्हणून असा पाठिंबा शक्य होतो. पक्षादेशाचे बंधन नसलेले मत आमदाराच्या वाट्याला फार थोड्या वेळा येते.

महाराष्ट्राच्या आमदारांचे मतदान मुंबईत विधानभवनात होते. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. यंत्रे इथे वापरत नाहीत, कारण पसंतीक्रम हाताने लिहायचा असतो. तो अंकातच लिहावा लागतो, अक्षरांत लिहिला तर मत बाद होते. मात्र अंक कोणत्याही भारतीय भाषेतला चालतो, त्यामुळे अकोटच्या आमदाराने देवनागरी ‘१’ लिहिला तर तो पूर्णपणे ग्राह्य आहे. २०१७ पासून त्यासाठी जांभळ्या शाईचे ठरावीक पेन मतदानकेंद्रावरच दिले जाते. उमेदवाराला ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५,००० रुपये अनामत लागते. १९९७ पूर्वी १० सूचक, १० अनुमोदक आणि अडीच हजार रुपये पुरत. १८ जुलै २०२२ च्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या २८३ आमदारांनी मत दिले. द्रौपदी मुर्मू यांना १८१, यशवंत सिन्हा यांना ९८, आणि ४ मते बाद. १७५ ने गुणले की मुर्मूंना महाराष्ट्र विधानसभेतून ३१,६७५ आणि सिन्हांना १७,१५० मते पडली. बाद झालेल्या चार मतपत्रिकांबरोबर १९७१ च्या सात लाख माणसांचे वजन वाया गेले. आमदारांनी अंक लिहिताना घ्यायच्या काळजीसाठी यापेक्षा मोठे कारण लागत नाही.

मुर्मू यांची मुदत २४ जुलै २०२७ रोजी संपते. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ठरला आहे. आजच्या तरतुदीप्रमाणे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ चीच लोकसंख्या धरायची आहे, आणि तोवर अकोटच्या आमदाराचे मत १७५ च मोजले जाईल.